कद्दूची खीर

नलिनीबाईंनी अन्न टाकलं तेव्हापासून मुकुंदराव गुरुजींच्या जिवाला थारा नव्हता. बिदरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पोटात काही गेलं तरच औषध लागू पडेल. परतीच्या बसमध्ये गुरुजी बायकोचा हात धरून बसले, चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदाच. घरात दोघंच; मूलबाळ नाही. आणि भालकीच्या हायस्कुलात भूमिती शिकवून पिढ्यांना घाम फोडलेल्या या माणसाला चहाच्या पलीकडे काही करता येत नव्हतं. चहाही बेताचाच.

उपाय नलिनीबाईंनीच काढला. शेजारच्या भागम्मांकडे काळा-पांढरा टीव्ही होता. दुपारी त्यावर दिल्लीची एक बाई हिंदीतून स्वयंपाक शिकवायची.

"तिचं बघून या, मला सांगा. मी म्हणीन ते करा," नलिनीबाई म्हणाल्या. "नवं काही असलं तर खावंसं वाटंल."

खावंसं वाटेल, एवढे दोन शब्द गुरुजींना पुरले. भागम्मांच्या ओसरीवर गल्लीतल्या बायकांच्या घोळक्यात ते एकटेच पुरुष, मांडी घालून, डोळे फाडून बसू लागले. "गुरुजी, परीक्षा कधी हाय?" असं बायका चेष्टेनं विचारायच्या. गुरुजींना त्याचं काही वाटत नव्हतं. आपली बायको मरेल या भीतीपुढे लाज कुठे उरते?

घरी येऊन ते सगळं घडाघडा म्हणून दाखवत. नलिनीबाई बऱ्याच गोष्टींना नाक मुरडत आणि एखादंच निवडत. कधी भरली वांगी, कधी कढी, कधी मसालेभात. मग खाटेवरूनच हुकूम सुटत: मोहरी तडतडू द्या, हात आखडू नका, आता झाकण ठेवा. करपलं तर पुन्हा करायला लावत. एवढं सगळं झाल्यावर स्वतः बोटाच्या पेरावर घेऊन चाटत आणि म्हणत, "उरलेलं तुम्ही खावा. माझ्यासमोर खावा."

गुरुजी खायचे. उद्या तरी ही दोन घास घेईल, या आशेवर ते पुन्हा टीव्हीपुढे जाऊन बसत.

त्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. भागम्मांनी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवली. चित्र आलं तेव्हा कढईतल्या दुधात काहीतरी किसलेलं शिजत होतं, करड्या रंगाचं. बाई म्हणाली, कद्दू की खीर.

घरी येऊन गुरुजींनी ते सांगितलं आणि नलिनीबाईंचे डोळे चमकले. "हे पाहिजे. हेच करा."

इतकं हौसेनं त्यांनी आजवर काहीच मागितलं नव्हतं. गुरुजी पिशवी घेऊन बाजारात जवळजवळ पळतच गेले. भाजीवाल्या चाचीला तिच्याच उर्दूत म्हणाले, "कद्दू होना." चाचीनं कोवळा दुध्या भोपळा हातात ठेवला. तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागातल्या उर्दूत दुध्यालाच कद्दू म्हणतात. गुरुजीही जन्मभर तेच ऐकत आलेले.

खीर मात्र झकास झाली. खाली लागली नाही, दूध फाटलं नाही. गुरुजींनी वाटी पुढे केली. नलिनीबाईंनी चमचा ओठाला लावला आणि थांबल्या.

"हा दुध्या हाय."

"कद्दूच आणलाय की."

"दिल्लीकडं लाल भोपळ्याला कद्दू म्हणतेत. माझी वहिनी झाशीकडची, ती म्हणायची." त्यांनी वाटी हलकेच बाजूला सारली. "लाल भोपळ्याची पाहिजे होती."

गुरुजींना ब्रह्मांड आठवलं. एवढी एकच गोष्ट तिनं मनापासून मागावी आणि आपण नेमकी तीच चुकवावी! "आत्ता आणतो," म्हणत ते चप्पल न घालताच भागम्मांकडे धावले. त्यांच्या परसातल्या छपरावर लाल भोपळ्याचा वेल होता.

"भागम्मा, एक भोपळा द्या. नलिनीला खायचाय."

भागम्मा बघतच राहिल्या. "नलिनीअक्काला? त्या कुठं खातेत, गुरुजी? वास सुद्धा चालत न्हाई त्यांना. दरसाल पहिला भोपळा न्यायच्या ते तुमच्यासाठी. 'आमच्या ह्यांना लई आवडतोय' म्हणायच्या."

गुरुजी तिथंच उभे राहिले. भरली वांगी. कढी. मसालेभात. यातलं एकही नलिनीच्या आवडीचं नव्हतं. सगळं त्यांच्या आवडीचं होतं. तिला कधीच काही खायचं नव्हतं. ती त्यांना शिकवत होती, आपण गेल्यावर यांचे हाल होऊ नयेत म्हणून.

भोपळा घेऊन ते परतले. मनात राग होता, आणि रागाखाली भीती. त्यांनी भोपळा खाटेजवळ ठेवला.

"कामून असं केलंस, नलिनी?"

नलिनीबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, हे त्यांनी ओळखलं.

"मला न्हाई यायचं हे," गुरुजी म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मला शिकायचंच न्हाई. तू दोन घास खा. माझ्यासाठी खा."

नलिनीबाईंनी बराच वेळ त्यांना रडू दिलं. मग हात लांबवून खाटेजवळची विळी त्यांच्याकडे सरकवली.

"चिरा आता," त्या म्हणाल्या. "साल जाड असतंय. बोट सांभाळून."