देवरीसाठी वेगळं कार्ड

दिव्यानं नवं नेटवर्क कार्ड सर्व्हरच्या खाचेत बसवलं, अंगठ्यानं दाबलं, आणि 'टक' असा आवाज आला तरी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. झाकण लावताना एक स्क्रू हातातून सुटून टेबलाखाली गेला. तो शोधायला ती वाकली नाही.

तळघरातल्या त्या खोलीत एसी होता, तरी तिच्या मानेवर घाम होता. उद्या नागपूरहून ट्रस्टची माणसं येणार होती. गोंदियाच्या या दवाखान्यानं देवरीला एक छोटं केंद्र उघडलं होतं. तिथं डॉक्टर नव्हता. एक नर्स होती, ईसीजीचं मशीन होतं आणि भिंतीवर एक पडदा. त्या पडद्यावर गोंदियाचे डॉक्टर बिसेन दिसत, पेशंटशी बोलत, ईसीजी बघत. ठरलं तरी तसं होतं. प्रत्यक्षात डॉक्टर बोलता बोलता दगड होत. तोंड उघडं, हात अधांतरी. देवरीची माणसं त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे थोडा वेळ अदबीनं बघत बसत आणि मग उठून जात. असंच चाललं तर केंद्र बंद करू, असं ट्रस्टनं कळवलं होतं.

दोष कुठं आहे हे दिव्याला ठाऊक होतं. दवाखान्याचा सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात तीन आभासी मशीनं चालत. एक बिलांचं, एक एक्स-रेच्या फोटोंचं, एक देवरीचं. तिघांना बाहेर जायला दार एकच, ते जुनं कार्ड. एक्स-रेवाल्यांनी फोटो पाठवायला घेतले की देवरी दारातच अडकायची. आता दुसरं कार्ड आलं होतं. ते कुणाशी न वाटता, अख्खं, देवरीच्या मशीनला द्यायचं होतं.

"दुपारी कर," डॉक्टर बिसेन म्हणाले होते. "दोपहर में वहाँ कोई नहीं आता."

दिव्याचं गाव देवरीच्याही पलीकडं, चिचगडच्या पुढं, जंगलाला लागून. तिकडची माणसं वेळ बघून दवाखान्यात येत नाहीत, गाडी मिळेल तेव्हा येतात, हे तिला माहीत होतं. पण तिलाही घाई होती.

आपल्या टेबलाशी बसून तिनं यादी उघडली. दोन्ही कार्डांचं नाव एकच होतं, फक्त शेवटचे आकडे वेगळे. तिनं एकावर खूण केली, ते देवरीच्या मशीनला जोडलं आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पंखे घोंघावले. ती पायाचा अंगठा जमिनीवर आपटत वाट पाहत राहिली.

समोरची स्क्रीन सर्व्हर सापडत नसल्याचं सांगू लागली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा.

आणि मग तिचा हात माउसवरच थांबला. तिनं जुनं कार्ड देऊन टाकलं होतं. सगळ्यांचं दार काढून एकट्या देवरीला दिलं होतं, आणि देवरीकडे जाणारी तार तर तिनं नव्या कार्डाला लावली होती. नवं कार्ड नुसतंच बसून होतं. सर्व्हर स्वतःही त्याच जुन्या दारातून बोलायचा. म्हणजे आता या टेबलावरून त्याला काही सांगताही येणार नव्हतं.

इंटरकॉम वाजला. काउंटरवरचा टेकचंद होता. "मॅडम, बिल नहीं निकल रहा. लाइन लगी है."

"हाथ से बनाओ," ती म्हणाली आणि कोपऱ्यातला जुना मॉनिटर उचलायला धावली. तो थेट सर्व्हरला जोडायचा, शेजारी उभं राहून चूक काढायची, आणि पुन्हा सगळं सुरू होण्याची वाट पाहायची. मॉनिटरची पिन बसेना. तेवढ्यात मोबाइल वाजला.

देवरीच्या नर्स भागीरथाबाई. दिव्यानं त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. ओळख होती ती तुटक्या चित्राची आणि आवाजाची.

"दिव्याबाई, पडदा काळा काऊन झाला?"

"मावशी, काम चालू आहे. पाच मिनिटं थांबा."

"पाच मिनिटं तुमच्या मशीनची का मानसाची? इथं छातीले हात लावून बसला हाय एक जन. कवडू नाव हाय. बायकोनं सायकलवर बसवून आनलं त्याले. घामानं भिजून राहिला. डॉक्टर फोन उचलून नाही राहिले."

दिव्यानं मॉनिटरकडे पाहिलं. पिन बोलता बोलता बसली होती, सर्व्हर तिच्या हुकमाची वाट पाहत होता. दोन ओळी लिहिल्या तर सुरू होईल. होईलच असं नाही. तिनं फोन कानाशी तसाच धरून जिना चढायला सुरुवात केली.

डॉक्टर बिसेन वॉर्डात होते. तिनं फोन पुढं केला. "सर, देवरी. छातीत दुखतंय."

"स्क्रीन पे लाओ ना."

"स्क्रीन बंद आहे, सर. माझ्याकडून बंद झालीय."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि फोन घेतला. "बोला सिस्टर. ईसीजीची पट्टी कशी दिसते?"

पलीकडचा आवाज दिव्याला ऐकू येत होता. "रेघ वर चढली तं खाली येऊनच नाही राहिली, डॉक्टर. चघळायची गोळी देल्ली मी. जीप बी आली हाय दारात. मी संग येऊन राहिली."

"मग विचारता काय?"

"विचारून नाही राहिली. तयारी ठेवा म्हनून सांगून राहिली."

डॉक्टरांनी फोन परत दिला आणि आयसीयूकडे वळले.

ती खाली आली. आता प्रत्येक आकडा ती बोट ठेवून वाचत होती. जुनं कार्ड सोडवलं. नवं जोडलं. तार कुठं जाते ते मागं जाऊन डोळ्यांनी पाहिलं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला. एकेक मशीन जागं झालं. वरून टेकचंदनं बिल निघाल्याचं कळवलं. एक्स-रेचे फोटो धो-धो वाहू लागले.

आणि तिच्या टेबलावरच्या चाचणीच्या पडद्यावर देवरीची खोली उमटली. इतकी स्वच्छ की भिंतीवरचा पोपडा दिसत होता. पंखा फिरत होता, एकही पातं न अडकता. ईसीजीच्या तारा खाटेवर तशाच लोंबत होत्या. दार उघडं. खोलीत कुणी नव्हतं.

दिव्या बघत राहिली. आमगावचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढून सरकत होता, त्यावरचे खड्डे, रेल्वेचं फाटक. ती उठली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. पुन्हा उठली.

जीप आली तेव्हा ऊन कललं होतं. स्ट्रेचर आत गेलं, मागून कवडूची बायको रुख्मा, अनवाणी. दिव्या भिंतीला टेकून उभी होती. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि रुख्माला म्हणाले, "वेळेवर आणलं. जगेल." मग चालता चालता दिव्याजवळ थांबले. "पडदा?"

"सुरू झाला, सर."

"हं," म्हणून ते गेले.

"तूच का वं दिव्या?"

समोर एक ठेंगणी बाई उभी होती. आवाज ऐकला नसता तर दिव्यानं ओळखलंच नसतं.

"मावशी, मी चुकीचं कार्ड..."

"ते मले समजत नाही. आमची खोली इथून कशी दिसते, दाखव."

दोघी खाली आल्या. भागीरथाबाई पडद्यापुढं वाकल्या आणि हसल्या. "दार लावाचं राहूनच गेलं वं." तेवढ्यात त्या दारातून एक म्हातारी काठी टेकत आत आली आणि खुर्चीवर बसली.

"बुढीले काही झालं नाही. रोज येते, बोलायले." त्यांनी कॅमेऱ्यापुढं येत माइककडे तोंड नेलं. "ओ बुढी!"

म्हातारी दचकली. तिनं खाटेखाली पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तू त्याच्यात कवा गेली वं?"

"गोंदियाले आली मी. बस तू." मग दिव्याकडे वळून, "मी कवडूले पाहून येते. तवर हिच्याशी बोल."

"मी? काय बोलू?"

पण त्या जिना चढूही लागल्या होत्या. आजवर या लाइनवर दिव्या एवढंच बोलली होती: ऐकू येतंय का, दिसतंय का. म्हातारीनं खुर्ची भिंतीजवळ ओढली, डोळे बारीक केले. तिच्या कपाळावरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं.

"अन् तू कोनाची वं?"

दिव्यानं खुर्ची पुढं घेतली.

"दसरू मडावीची, चिचगडकडची," ती म्हणाली.