पाचव्या खाटेची वायर

वॉर्डातल्या बारा खाटांच्या घंटांचे निरोप एका कॉम्प्युटरवर दाखवणारा प्रोग्राम मीच लिहिला होता, आणि त्यातली घोडचूकही माझीच. एकेका खाटेची विचारपूस करताना एखादीचा निरोप यायला उशीर झाला, की प्रोग्राम तिच्यापाशीच कान लावून बसायचा. तोवर बाकीच्या अकरा खाटांनी कितीही बोंब मारली तरी स्क्रीन ढिम्म. चूक कळल्यावर मी निरोप घ्यायचं काम वेगळं काढलं. आता कुणाचा निरोप कधीही येवो, स्क्रीन मोकळी राहायची. आमच्या कंपनीच्या साहेबांनी मात्र तो उडवून लावला.

"जुनाच दाखवायचा. कागदपत्रं त्याचीच झालीत. अडकला तर 'कृपया थांबा' अशी पाटी टाका."

पाटी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर त्यांनी मला नोकरीची आठवण करून दिली, तीही गोड आवाजात.

दुपारी रिकाम्या वॉर्डात प्रोग्राम दाखवायला जमलो. हेडसिस्टर पसंतीची सही करणार होत्या. साहेब पंधरा मिनिटं नुसते स्क्रीनच्या रंगांबद्दल बोलले. मग मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नवव्या खाटेवर झोपा. मी पाचवीची वायर काढते, म्हणजे तिचा निरोप येणारच नाही."

"त्याची काही गरज नाही," साहेब म्हणाले. मी वायर काढली.

सिस्टर चपला काढून आडव्या झाल्या. त्यांनी घंटेचं बटण दाबलं. स्क्रीनवर फक्त पाटी आली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"अर्ध्या मिनिटात येईल हो," साहेब घाम पुसत म्हणाले.

"आम्ही एकाच पेशंटच्या तोंडाकडे बघत बसतो का?" सिस्टर झोपल्या झोपल्याच कडाडल्या. "हात एका खाटेवर, कान बाराही खाटांकडे. पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे पोरींना!"

"वायर लावा," साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

घर माझ्याच पगारावर चालतं. पण वायर मुठीतून सोडवेना.

"नाही लावत. नवा प्रोग्राम मी सोबत आणलाय. हा जुना कुठल्याच वॉर्डात बसू देणार नाही."

साहेबांनी सहीचा कागद सिस्टरांपुढे धरला. त्यांनी तो बाजूला सारला आणि उशी नीट केली.

"बाई, तुमचा नवा बसवा. घंटा वाजेपर्यंत मी इथून हलत नाही."

साहेब कॉम्प्युटरसमोर आडवे आले.

"सरका," मी म्हणाले.