जोराचा फेरा

मी पोहरादेवीच्या जत्रेतला रहाटपाळणा. होतो, असं म्हणायला हवं. आज मालेगावात एका सुताराच्या मागच्या पडवीत माझे दोन खांब, तीन दांड्या आणि एक पाळणा एकावर एक रचून ठेवले आहेत. एवढंच उरलंय माझं. या घरात माझा विषय कोणी काढत नाही. म्हणून आज मीच काढतो.

सैफुद्दीन सुतारानं मला घडवलं. बैलगाड्या, वखर, तिफणी करणारा माणूस तो. कारंज्याच्या बाजाराला गेला असताना त्यानं एका फिरस्त्या खेळवाल्याचा रहाटपाळणा पाहिला आणि घरी येऊन कोळशानं भिंतीवर माझं चित्र काढलं. त्याची बायको कमरुन्निसा हसायला लागली. "गाड्या सोडून आता मानसं लटकवता काय?"

"लटकवत नाही," तो म्हणाला. "उडवतो."

खांब आणि दांड्या सागाच्या, मधला आस बाभळीचा, आणि चार दांड्यांना चार पाळणे. हिरवा-तांबडा रंग त्यानं स्वतः लावला. साल असेल एकोणीसशे बावीस. त्याच चैत्रात दोन बैलगाड्यांवर लादून त्यानं मला रामनवमीच्या जत्रेला पोहरादेवीला नेलं. तीन दिवसांची वाट होती.

दर होता एक पैसा. पैशाला बारा फेरे, तेही सावकाश. सकाळी उठल्यावर सैफुद्दीन बैलांना पाणी दाखवायचा, मग माझ्या आसाला वंगण घालायचा आणि त्यानंतर स्वतः भाकर खायचा. मी फिरायचो तेव्हा वाऱ्याचा आवाज यायचा, माझा नाही.

माणसांची मोठी गंमत वाटायची मला. खाली उभं राहून मिशीला पीळ देणारे वर गेले की सगळ्यांत आधी डोळे मिटायचे. नवं लग्न झालेलं जोडपं पाळण्यात दोन कडांना बसायचं. तिसऱ्या फेऱ्याला त्यांच्यामध्ये बोटभर जागा उरायची नाही.

गोजराबाई मात्र कधी डोळे मिटायची नाही. ही मेडशीची कास्तकारीण. तिचं माहेर पोहरादेवीपासून अर्ध्या कोसावर. बाप वारला आणि वावराच्या भांडणात भावांनी तिला उंबरा बंद केला. ती जत्रेला यायची, देवीपुढं नारळ फोडायची आणि मग माझ्या पाळण्यात एकटी बसायची. तिचा पाळणा अगदी वर गेला की सैफुद्दीन मला दोन्ही हातांनी धरून थांबवायचा.

"दिसली का बाई चिच?" तो खालून विचारायचा.

"दिसली, सैफूभाऊ. अंगनात कोनीतरी वाकळ वाळू घालून राह्यलं."

बापाच्या अंगणातली ती चिंच होती. गावाच्या छपरांवर तिचा शेंडा दिसायचा आणि दोन छपरांमधून अंगणाचा तुकडा. वर्षातून एकदा, एका पैशात, गोजराबाई माहेरी जाऊन यायची. माझ्या आयुष्यातलं चांगलं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. सैफुद्दीनचा मुलगा फय्याज हाताशी आला. अंगानं दणकट, बोलायला गोड. त्याच सुमारास जत्रेत एक खेळवाला आला. तो उंच शिडीवर चढायचा, अंगावरच्या कपड्यांना आग लावायचा आणि खाली पाण्याच्या खड्ड्यात उडी घ्यायचा. बघायला एक आणा. लोकांची नुसती झुंबड. माझे चार पाळणे दुपारभर रिकामे लोंबत राहिले.

फय्याज ती उडी तीनदा पाहून आला. "अब्बा, लोकायले मजा नाही पायजे आता," तो म्हणाला. "लोकायले भेव पायजे. आन भेवाचे ते चार पट पैसे देतात."

पुढच्या वर्षी माझे खांब तीन हातांनी उंच झाले, दांड्या लांबल्या. सैफुद्दीनचा जीव आसात अडकला होता. "उंची वाढवली तर आसही जाड पायजे, बापा," तो दोनदा बोलला. फय्याजनं "पुढच्या साली करू" म्हटलं आणि तेवढ्यावर राहिलं.

मग सुरू झाला जोराचा फेरा. साधा फेरा ढब्बू पैशाला, म्हणजे अर्ध्या आण्याला, आणि जोराचा एक आण्याला. फय्याज दांडीवर चढून अंगाचा सगळा भार टाकायचा, खाली दोघं गडी ढकलायचे, आणि मी असा भिरभिरायचो की वरच्या माणसाला आभाळ कुठं अन् जमीन कुठं कळेनासं व्हायचं. लोक किंचाळायचे, उतरायचे, ओकायचे, आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे.

खोटं कशाला बोलू? मलाही ते आवडलं. शंभर माणसं मान वर करून तुमच्याकडे पाहतात, त्याची नशा लाकडालाही चढते.

एकदा वंगण संपलं होतं. दुपारी माझा आस करकरायला लागला. वरच्या पाळण्यातले लोक एकदम ओरडले आणि खालचे टाळ्या पिटायला लागले. "मोडते वाटते! मोडते वाटते!" म्हणत दुप्पट माणसं जमली. दुसऱ्या दिवशी सैफुद्दीन वंगणाचं नळकांडं घेऊन आला, तर फय्याजनं त्याचा हात धरला.

"कायले घालता? हा आवाजच तर गिऱ्हाईक आनून राह्यला."

घरी मुलीचं, सरवरीचं लग्न ठरलं होतं, छपरावर नवे पत्रे पडायचे होते. नळकांडं सैफुद्दीननं गाडीखाली ठेवून दिलं.

गोजराबाई त्या वर्षी आली आणि जोराचा फेरा पाहून परत गेली. पुढच्या वर्षी आलीच नाही.

गर्दी ओढायला फय्याजला एक माणूसही सापडला होता. मोहनसिंग. जवळच्या बंजारा तांड्यावरचा, विशीतला. होळीला त्याच्यासारखा नाचणारा साऱ्या तांड्यांत नाही, असं लोक सांगायचे. त्याला भीती म्हणून ठाऊक नव्हती. माझ्या पाळण्यात तो बसायचा नाही, उभा राहायचा. दोन्ही हात सोडून, पागोट्याचा शेमला उडवत.

"तू बस मोहनसिंग, तुहे पैशे नाही घेत मी," फय्याज म्हणायचा. मोहनसिंगला पाहून दहा जण आणा काढायचे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

ती रामनवमी चौतीस सालची. ऊन भाजत होतं. दोन वर्षांनी गोजराबाई आली होती. केस पांढरे झाले होते. सैफुद्दीन आता नजरेनं अधू, गाडीच्या सावलीत बसलेला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"भाऊ, एक हळू फेरा भेटन का? थोरला भाऊ गेला म्हनतात. घर तरी पाहून घेतो."

सैफुद्दीन उठला. "फय्याज, बाईले बसव. आन हळू फिरव."

"हा जोराचा होऊ द्या अब्बा. मग बसवतो."

मी सुरू झालो. चारही पाळणे भरलेले, एकात मोहनसिंग उभा. पाचव्या फेऱ्याला आसाच्या आत काहीतरी चिरल्याचं मला कळलं. मी करकरलो, जिवाच्या आकांतानं करकरलो. माझ्याजवळ सांगायला तेवढा एकच आवाज होता आणि तो तर लोकांना रोजचा झालेला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. फय्याजनं आणखी भार टाकला.

आस तुटला.

तीन पाळणे खांबांना अडकून लोंबकळले, त्यातली माणसं खरचटून वाचली. चौथा मोहनसिंगसकट जमिनीवर आला, आणि माझी दांडी त्याच्या उजव्या पायावर. सगळ्यांत आधी धावली गोजराबाई. तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्याची मांडी आवळली. "माह्याकडं पाह्य बापू, खाली पाहू नोको," ती म्हणत राहिली. त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. जीव राहिला. पाय गुडघ्याखाली गेला.

संध्याकाळी तांड्याचे नाईक फुलसिंग चार माणसं घेऊन आले. फय्याज म्हणाला, "तो उभा काहून राह्यला? बसला असता तं..."

"खामोश!" सैफुद्दीन ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा चढा आवाज ऐकला. मग तो नाईकांकडे वळला. "पोराची चूक नाही, नाईक. तुमच्याही पोराची नाही, माह्याही पोराची नाही. आस माह्या हातचा. तो बारीक पडते हे मले मालूम होतं. वंगन बंद झालं तेही मी पाह्यलं. पैसा येऊन राह्यला होता म्हनून मी चूप बसलो. काय सजा द्यायची ते मले द्या."

फुलसिंग नाईक जायला वळले. "तुमाले सजा देऊन त्याचा पाय येते का?" एवढंच बोलून ते गेले.

मालेगावात परतल्यावर सैफुद्दीननं करवत काढली. दिसत नव्हतं तरी हातानं चाचपत त्यानं माझी चौथी दांडी कापली, रंधली, काखेत बसेल असा वर गोल माथा दिला. ती कुबडी घेऊन तो आणि फय्याज तांड्यावर गेले. मी नव्हतो तिथं. पण परत आल्यावर फय्याजनं आईला सांगितलं ते मी ऐकलं. मोहनसिंगनं कुबडी घेतली, काखेत धरून दोन पावलं टाकली आणि म्हणाला, "लाकूड पक्कं हाय, चाचा." त्यावर सैफुद्दीन तिथंच खाली बसून रडला.

दोन वर्षांनी सैफुद्दीन गेला. गोजराबाईचा तो हळू फेरा राहिला तो राहिलाच. ती पुन्हा या बाजूला दिसली नाही.

फय्याज आता बैलगाड्या करतो. बोलणं कमी झालंय त्याचं. जत्रेत म्हणे यंत्रावर फिरणारा लोखंडी पाळणा येतो, आणि लोक त्याच्यापुढंही तशीच रांग लावतात. लावू देत. भीती वाटून घेण्यातही आनंद असतो, तो मी त्यांच्या तोंडावर पाहिलाय. माझा राग नाही कोणावर. मला छळते ती एकच गोष्ट. त्या दिवशी सकाळी मी दोन घटका रिकामाच फिरत होतो. तुटायचंच होतं तर तेव्हा का नाही तुटलो?

कधीमधी कोणी लाकूड मागायला येतं. सागाचे खांब पाहतं, बोटानं ठोकून बघतं. माझी एवढीच विनवणी आहे. माझा पुन्हा पाळणा करू नका, बाळाचासुद्धा नको. एखाद्या घराची चौकट करा. जमिनीत पाय रोवून उभा राहीन. माणसं येतील, जातील, आणि माझ्याकडे मान वर करून कोणी पाहणार नाही.