गॅरेजमधला फ्रीझर बिघडला नव्हता

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो. उभा नव्हे, आडवा. पेटाऱ्यासारखा वरून उघडणारा. कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. पत्र्याला पांढरा रंग दिला आणि ट्रकवर चढवले, एवढेच. बाकी सारे आयुष्य अमेरिकेत मिनेसोटातल्या एका गावात, आर्डिसच्या गॅरेजमध्ये गेले.

आर्डिसची थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, जेवणाची तयारी पाने पिवळी पडण्याआधीच माझ्या पोटात सुरू होई. तळाशी टर्की, तिच्यावर क्रॅनबेरी, भोपळ्याचे सारण भरलेल्या गोड पेस्ट्री, पावाचे गोळे. सगळ्यांत वर, काही दाबले जाणार नाही अशा जागी, लेफ्सा. म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, घडी घातलेल्या. नॉर्वेहून आलेल्या आजीने तिला त्या शिकवल्या होत्या.

"अगं, अजून उन्हाळा आहे," तिची बहीण मार्लिस हसे.

"असू दे. आधी करून ठेवलं की त्या दिवशी मला तुमच्याशी भांडायला वेळ मिळतो," म्हणत आर्डिस माझ्या झाकणावर थाप मारी. "हा आहे ना माझा."

ही माझी शाबासकी. त्या शाबासकीवर मी वर्षानुवर्षे गुरगुरत राहिलो.

यंदा उन्हाळ्यात आर्डिस गेली. त्याआधी, हात थरथरत असतानाही, तिने थोड्या लेफ्सा लाटून माझ्याकडे ठेवल्या होत्या. मुलगी लिनिया म्हणाली, "या वर्षीचं जेवण याच घरात, मी करीन. आईच्या लेफ्सांना तोवर कुणी हात लावायचा नाही." ती रविवारी शहरातून येई, एकेक पदार्थ आणून मला भरत जाई. लेफ्सांची पुडकी नुसती बघे आणि झाकण लावी. आईच्या हातचे आता तेवढेच उरले होते.

आमच्याकडे नाताळचे दिवे आधीच छपराला लावून ठेवतात; बर्फ पडल्यावर शिडीवर कोण चढणार? नोव्हेंबरात मध्येच हवा उबदार झाली, तसा लिनियाचा भाऊ डेल दिवे घेऊन आला. ते लागतात का हे बघायला त्याने माझा प्लग काढून तिथे दिव्यांचा घातला. दिवे लागले. शेजाऱ्याने हाक मारली, "डेल, मॅच सुरू झाली!" त्याने दिव्यांचा प्लग काढला आणि तसाच गेला. माझा लावायचा राहिला. मी काठोकाठ भरलो होतो, म्हणून लिनियाचे रविवारचे येणेही थांबले होते.

मला हाक मारता येत नाही. पोटातली थंडी काही दिवसांत थेंबाथेंबाने निसटली. झाकणाचा बर्फ लेफ्सांवर ठिबकला, त्यांचा लगदा झाला, आंबूस वास सुटला.

शनिवारी डेल शिडी न्यायला आला, तेव्हा त्याचा पाय पाण्यात पडला. त्याने झाकण उचलले आणि लगेच मिटले. मग प्लग लावला, फरशी पुसली आणि गेला. मला वाटले, बहिणीला सांगायला गेला.

सणाच्या आठवड्यात टर्की काढायला दोघे आले. लिनियाने झाकण उघडले आणि ती मागे सरली.

"हे काय झालं रे?"

"बिघडला असेल. जुनाट डबा आहे. आईला किती वेळा म्हटलं, नवीन घे. ती कुठली ऐकते."

"आणि मी याच्यावर भिस्त ठेवली," ती म्हणाली.

मी तेव्हाही सगळा जीव लावून गुरगुरत होतो, मित्रांनो. ती थबकली. ऐकत राहिली. तिने लेफ्सांच्या गोळ्यावर बोटाने टकटक केले. दगड.

"बिघडला असता तर हे परत गोठलं कसं, डेल?"

डेल दाराकडे बघू लागला. "दिव्यांसाठी प्लग काढला होता. दोन मिनिटांसाठी. शनिवारी बघितलं तर... तुला सांगायचा धीर झाला नाही."

"विसरलास त्याचं काही नाही रे. पण शनिवारपासून रोज फोन करून तू मला विचारत होतास, आईच्या लेफ्सा कशाबरोबर वाढायच्या."

मला मात्र हायसे वाटले. निदान एकीला तरी खरे कळले.

सणाच्या दिवशी टर्की दुकानातून आली, घर भरले. मार्लिस थंड पेयांच्या बाटल्या घ्यायला गॅरेजमध्ये आली. लिनिया आणि डेल तिथेच होते.

"टेबलावर आर्डिसच्या लेफ्सा दिसल्या नाहीत गं?"

डेलने मान खाली घातली. लिनियाने एकदा त्याच्याकडे पाहिले.

"फ्रीझर बिघडला, मावशी. जुना झाला होता."

"या यंत्रांचा काय भरवसा," म्हणत मावशी आत गेली. तिच्यामागून डेल बाटल्या घेऊन गेला. लिनियाने माझ्याकडे न बघता दिवा मालवला.

मित्रांनो, तिने भावाला सांभाळले, हे मला समजते. आई गेलेल्या घरातून आणखी एक माणूस तिला उठून जाऊ द्यायचा नव्हता. पण त्यासाठी तिने मला पुढे केले, आणि ती तर खरे जाणत होती. डेलचे खोटे मी सोसले होते. हे सोसवत नाही.

उद्या डेलच मला भंगारात नेणार आहे. तुम्हाला एकच सांगतो. घरातली जुनी वस्तू पुसा, वापरा, नकोशी झाली तर खुशाल टाका. पण टाकताना तिच्या माथी आपली चूक मारू नका. तिला उलट बोलता येत नाही. माझा प्लग काढायचे अजून कुणाला सुचलेले नाही. पोटात काहीही नाही, तरी मी थंडी धरून बसलो आहे.