इतिवृत्तातला सवाल

हेमलता करंदीकर दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. कोळशावर दर टनामागे जो उपकर घेतला जाई, तो कुठे वापरायचा याच्या फायली त्यांच्या टेबलावर येत. राहायला त्या फरीदाबादला. घराजवळचं कोळशाचं वीजकेंद्र बंद होणार, हे त्यांना ऑफिसात आधी कळलं आणि शेजारच्या नरसिंह गायकवाडांना पेपरातून.

नरसिंह तिथे बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होते, ठेकेदारामार्फत. केंद्राभोवती नवे टॉवर झाले होते आणि बाल्कनीत राख पडते अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. तक्रार खरीच होती. नरसिंहांच्या बाल्कनीतही राख पडायची. ते झाडून घेत.

"ताई, त्या कोळशाच्या टॅक्समधून आम्हाला काही मिळणार का?" त्यांनी विचारलं.

"परमनंट लोकांना नव्या कामाचं ट्रेनिंग मिळेल."

"आणि ठेक्यावाल्यांना?"

"मी तसं लिहिलं होतं. वरून शेरा आला, स्वतंत्रपणे विचार व्हावा."

"म्हणजे होणार?"

"म्हणजे नाही होणार."

"अच्छा," नरसिंह म्हणाले.

पुढच्या महिन्यात मंत्रालयाने या ट्रेनिंगच्या योजनेवर मोठी बैठक ठेवली. बोलायला एक कामगार हवा होता. हेमलताबाईंनी नाव सुचवलं. नरसिंह मुलीच्या लग्नातला शर्ट घालून गेले. त्यांना तीन मिनिटं दिली होती, त्यांनी अर्धंच मिनिट वापरलं.

"हमारे यहाँ दो सौ परमनंट हैं, तीन सौ ठेके के. राख दोनों के फेफड़ों में गई. ट्रेनिंग एक को ही क्यों?"

"बहुत अच्छा सवाल है," सहसचिव म्हणाले आणि त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवण चांगलं होतं.

बैठकीचं इतिवृत्त हेमलताबाईंनी लिहायचं होतं. 'उपस्थितांनी योजनेचं स्वागत केलं' असं लिहायची पद्धत होती. त्यांनी नरसिंहांचा सवाल नावासकट, जसाच्या तसा लिहिला. दोन दिवसांनी सहसचिवांनी बोलावलं.

"ये क्या लिखा है?"

"जो कहा गया, सर."

"निकाल दीजिए."

"सर, आपके साइन के बाद सबको जा चुका है."

सहसचिवांनी सही पाहिली. त्यांचीच होती.

आठवड्याभरात दुसऱ्या एका खात्याने लेखी विचारलं, या प्रश्नावर निर्णय काय झाला? लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि 'काहीच नाही' असं लिहायला कोणी तयार होईना. चार महिन्यांनी ठेका कामगार योजनेत आले. हेमलताबाईंची बदली स्टेशनरी विभागात झाली. पेन्सिली मोजताना त्यांना वाईट वाटलं, पण वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

नरसिंह एक्कावन्नाव्या वर्षी सहा आठवडे वर्गात बसले, फळा दिसावा म्हणून पहिल्या बाकावर. तीनशेंपैकी साठेक जणांना काम लागलं. नरसिंहांना एका टॉवरच्या गच्चीवरचे सोलर पॅनल सांभाळायला मिळाले. पगार पहिल्यापेक्षा कमी.

"कसं आहे काम?" हेमलताबाईंनी विचारलं.

"बॉयलर बिघडला की आवाज बदलायचा, ताई. हे गप्पच असतात. नीट चाललंय की नाही, कळतच नाही."

मग त्यांनी खिशातून कागद काढला. उरलेल्यांसाठी दुसरा वर्ग काढावा, असा अर्ज होता. हेमलताबाईंनी तो वाचला, 'कृपाळू' हा शब्द तीन ठिकाणी खोडला आणि कोणत्या खात्यात द्यायचा ते वर लिहून दिलं.