फुंकून घेतलेला मांजरपाट

मी मांजरपाट बोलतोय. ऐकायला कुणी थांबेल, असा माझा भ्रम नाही. बिनरंगी, खरखरीत कापड मी. दुकानात कायम खालच्या फळीवर. पिशव्या शिवा, अस्तर लावा, फरशी पुसा. कौतुक नावालाही नाही.

एकदाच मला कुणीतरी निवडलं, तेही फुंकून.

त्या बाई शाळेत शिकवायच्या. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, श्वासही गळ्याच्या भोकातूनच घ्यावा लागेल. हातात दहा दिवस. लेकीला सातवा महिना लागलेला. बाईंचं एकच म्हणणं, "नातवंडाला आजीचा आवाज तरी राहू दे."

म्हणून मागच्या खोलीत गोष्टी रेकॉर्ड करायचं ठरलं. खोली रिकामी, बोललं की भिंती उलट बोलायच्या. त्यांच्यावर लोकर भरलेल्या चौकटी लावून वर कापड ताणायचं होतं. भाचा रेकॉर्डिंगच्याच धंद्यातला. त्याने फोनवर बजावलं, "मामी, कापड तोंडाला लावून फुंका. वारा आरपार गेला तर आवाजही आत जाईल, लोकर तो गिळेल. नाहीतर आपटून परत येईल."

नवरा सोफे शिवणारा, त्याचा जीव रेक्झीनवर. दुकानात बाईंनी गाल फुगवून फुंकलं, रेक्झीन ढिम्म. मग मला उचललं. पलीकडे नवऱ्याने हात धरला होता.

"लागला वारा?"

"लागला की. पण दिसतो कसा बघ, पोत्याच्या भावासारखा."

"दिसू दे हो. मोकळा आहे बिचारा."

मोकळा! जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याबद्दल बरं बोललं. खोटं कशाला सांगू, मी हुरळून गेलो.

घरी नेऊन नवऱ्याने मला कापलं, आणि मागून ब्रशने चिकटवायचं सोल्यूशन फासलं, काठोकाठ. सोफ्याला सुरकुती पडू नये म्हणून तो हेच करत आला होता. बाई दारात उभ्या होत्या.

"अहो, एवढं कशाला? नुसत्या पिना मारा ना."

"अगं, तीस वर्षं हेच करतोय मी. तुझ्याच खोलीत ढिलं काम करू होय?"

त्यात माया होती, म्हणूनच मला जास्त राग येतो. सोल्यूशन वाळलं. मी ताठ झालो, दिसायला झकास आणि आतून ठार बंद. दुकानात फुंकून पाहिलं होतं ना, मग पुन्हा बघायचं कुणालाच सुचलं नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी अकरा गोष्टी सांगितल्या. आवाज फाटत होता, तरी माकडाचा आवाज काढताना स्वतःच हसल्या. प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत आला आणि प्रत्येक शब्द मी त्यांच्या तोंडावर परत फेकला. भाच्याने हेडफोन लावला, त्याचा चेहरा पडला. पण बाई दमून भिंतीला टेकल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "करतो साफ."

साफ काही झालं नाही. ऑपरेशननंतर तो आला, एक चौकट उतरवली, पिना उपसून माझी मागची बाजू नखाने खरवडली. "मामा, हे काय केलंत?" नवरा तिथेच स्टुलावर बसला. गोष्टी कळतात, पण रिकाम्या डब्यात डोकं घालून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. लेकीने अर्धी गोष्ट ऐकून बंद केली. म्हणाली, "ही आई नाही वाटत."

घरी असल्या चौकटी करणार असाल तर शेवटची पीन मारायच्या आधी पुन्हा एकदा फुंका. माझं एवढंच मागणं आहे, तेही उशिराच करतोय.

काल नवऱ्याने सगळ्या चौकटी उतरवल्या. माझा उरलेला तागा काढून नुसत्या पिनांवर ताणायला घेतला. आता कुणासाठी, हे त्याला विचारायची सोय नाही. कापायच्या आधी त्याने नकळत, दुकानातल्यासारखं मला बाईंच्या तोंडापुढे धरलं, पलीकडे तळवा लावला आणि म्हणाला, "बघ गं, जातो का वारा?"

त्याला आठवेपर्यंत बाई पुढे झाल्याही होत्या. त्यांनी ओठ माझ्यावर टेकवले आणि जोर केला. माझ्यातून काहीच गेलं नाही. गळ्याच्या भोकावरचा रुमाल तेवढा हलला.