सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगाची तक्रार

मी एक जुना पलंग आहे. तुमच्या शाळेतल्या कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीखाली मी असतो. पोट दुखतंय म्हणून तुम्ही माझ्यावर येऊन पडता, आणि गणिताचा तास संपला की तुमचं पोट आपोआप बरं होतं. मला सगळं कळतं, पण मी कोणाला सांगत नाही. कारण मित्रांनो, माझ्यावर कोणी झोपावं याची मी सहा वर्षं वाट पाहिली आहे. ती सहा वर्षं आठवली की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते.

माझा जन्म भोसरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दादासाहेब नावाचे मिस्त्री होते. त्यांचा हात इतका साफ, की त्यांनी ठोकलेली खुर्ची तीस वर्षांनीही कुरकुरत नसे. एक दिवस एका बिल्डरचा माणूस माझं माप घेऊन आला. कागद बघून दादासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लांबी पाच फूट एक इंच? साहेब, यावर झोपणार कोण?"

"झोपायचं कुठंय मिस्त्री? दिसायला पाहिजे फक्त. पलंग लहान असला की खोली मोठी दिसती."

दादासाहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. पण त्या दिवशी त्यांनी मला बनवलं ते मान खाली घालून. माझ्या फळीखाली त्यांनी पेन्सिलीने माप लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'झोपण्यासाठी नाही'. जन्माला आल्याबरोबर एखाद्याच्या पाठीवर असं लिहायचं का? माझी काय चूक होती?

मला चाकणच्या बाजूला एका सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. सॅम्पल फ्लॅट म्हणजे दाखवायचं घर. खरी इमारत अजून खड्ड्यातच होती. तिथे माझे सोबतीही माझ्यासारखेच. कपाट फूटभर खोल, त्यात शर्टाचा हँगर सरळ मावत नव्हता. भिंतभर आरसा. पडद्यामागे खिडकीच नव्हती, नुसता दिवा लावलेला. आणि आतल्या खोल्यांना चौकटी होत्या, पण दारं नव्हती. दार असलं की ते उघडायला जागा लागते, आणि ती जागा लोकांच्या डोळ्यात येते. माझ्या उशीपाशी सोनेरी पाटी होती, 'कृपया बसू नये'. आम्ही सगळे मिळून रोज खोटं बोलत होतो, आणि तेही तोंड न उघडता.

गुरुवारी आमच्याकडे जत्रा असायची, कारण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. माणसं आपापल्या लाइनवरच्या, शिफ्टमधल्या माणसांबरोबर यायची. "शिंदेनं घेतला, मग मी पण घेतो," असं म्हणून घर घेणारे मी डोळ्यांनी बघितले. अहो, भाजी घेताना भेंडीचं शेपूट मोडून बघणारी माणसं ही! मोबाईल घ्यायचा तर आठ दुकानं फिरतील. आणि ज्या घरात जन्म काढायचा, ते वीस मिनिटांत पसंत! नळाला पाणी कुठून येणार, मंजूर नकाशा कुठे आहे, भिंतींच्या आतलं माप किती, कोणी विचारत नसे. विचारायचे काय, तर "भिंतीला हाच रंग देणार ना?"

या गर्दीत ओंकार आणि जयमाला आले होते. नवीन लग्न झालेलं. जयमालाने माझ्या चादरीवरून हात फिरवला होता, तो मला अजून आठवतो. अडीच वर्षांनी ती परत आली, एकटी. पहिली इमारत उभी राहून तिला घराचा ताबा मिळाला होता. माहेरून आलेला पलंग आत ठेवला तर दार अर्धंच उघडत होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बघा, हा खोटारडा!"

सुजित नावाचा घरं विकणारा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, फर्निचर फक्त दाखवण्यापुरतं असतं. माहितीपत्रकावर लिहिलंय तसं." लिहिलं होतं खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, शेवटच्या पानावर. जयमाला रडत रडत गेली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता माझे चारही पाय मोडून पडावेत. पण दादासाहेबांचं काम, ते कसले मोडतात!

मग तो गुरुवार उजाडला. गुरुपुष्यामृत योग होता. खरेदीला इतका चांगला दिवस, त्यात कंपनीची सुट्टी, मग काय विचारता! दारात मांडव, पेढे आणि सुजितचा एकच धोशा, "साडेतीनपर्यंत योग आहे सर, त्याच्या आत बुकिंग करून टाका."

त्या दिवशी समाधान आला. तो आधी दोनदा लाइनवरच्या मित्रांबरोबर येऊन गेला होता. मूळचा कळंबकडचा, चाकणच्या एका कंपनीत तयार मालाची तपासणी करणारा. या वेळी बरोबर बायको दीपमाला होती आणि आई सुमनताई. सुमनताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर घेऊन चालत. समाधानची भोसरीतली भाड्याची खोली शिडीसारख्या जिन्याने वर होती, म्हणून सुमनताईंना गावी एकटंच राहावं लागत होतं. आईला कायमचं जवळ आणता यावं म्हणून तर घर घ्यायचं होतं. ही खोली त्यांची आणि नातीची. नात आजीजवळच झोपणार, हे आधीच ठरलेलं.

"बघ आई, वॉकर आरामात फिरतोय का नाही?" समाधान कौतुकाने म्हणाला.

फिरत होता. फिरणारच! पलंग मी, कपाट ते, आणि दार नाहीच. मी मनात ओरडत होतो, अरे बाबा, तुझ्या पँटच्या खिशाला टेप अडकवलेला आहे, तो काढ! दिवसभर दुसऱ्याच्या मालाची मापं घेतोस, आज स्वतःच्या घराचं एक माप घे! पण लाकडाचं कोण ऐकतो? सुजितने त्याला बाहेर टेबलाशी नेलं आणि फॉर्म पुढे केला. दीपमाला स्वयंपाकघर बघायला गेली.

सुमनताई एकट्या उभ्या होत्या. पाय दुखायला लागला. खोलीत बसायला काही नव्हतं. त्यांनी पाटीकडे बघितलं, नीट वाचली, उचलून बाजूला ठेवली आणि सरळ माझ्यावर आडव्या झाल्या.

मित्रांनो, काय सांगू! माझ्यावर टेकलेलं ते पहिलं माणूस. मला आनंदही झाला आणि लाजही वाटली, कारण उशीवर डोकं टेकल्यावर सुमनताईंची पावलं घोट्यापासून बाहेर लोंबत होती.

"आरं समाधान," त्यांनी झोपल्या झोपल्या हाक मारली, "ह्यो पलंग लेकराचा हाय का रं?"

सुजित धावत आला. "आजी, उठा उठा! त्याच्यावर झोपायचं नसतं!"

"पलंगावर झोपायचं न्हाई, मग काय पूजा करायची का त्याची?"

हातातलं पेन तसंच घेऊन समाधान चौकटीत येऊन उभा राहिला. त्याने आईचे लोंबणारे पाय बघितले. मग खिशाचा टेप काढला आणि माझ्या अंगाला लावला. पाच फूट एक. त्याने कपाट मोजलं, फूटभर. मग फरशीवर गुडघे टेकून खऱ्या पलंगाची आणि खऱ्या कपाटाची जागा टेपने आखली. मधे उरली दीड फूट वाट. वॉकर दोन फुटी. आणि दार अजून लावायचंच होतं.

दीपमाला मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, कंपनीत केसाएवढा फरक असला तरी तुम्ही माल परत पाठवता. आणि घर तसंच घेत होता? आईंनी रात्री उठून जायचं कुठून होतं? भिंतीतून?"

समाधानची मान खाली गेली. सुजित घाईने म्हणाला, "सर, तीन वीस झालेत. योग चाललाय. तुमच्या लाइनवरच्या सहा जणांनी घेतलाय की!"

"त्यातल्या एकानं तरी मोजलंय का?" समाधानने विचारलं. "मंजूर नकाशा दाखव. त्यावरची आतली मापं दाखव."

"नकाशा हेड ऑफिसला असतो सर. आधी बुकिंग, मग..."

"मग न्हाई, भावा. आधी." समाधानने सही न केलेला फॉर्म त्याच्या हातात दिला. "हा माल रिजेक्ट."

आईला त्याने हात देऊन उठवलं. सुमनताईंनी जाता जाता माझ्या कडेवर थोपटलं. म्हणाल्या, "तुजा काय दोष न्हाई बाबा." सहा वर्षांत हे मला कोणी म्हणालं नव्हतं. बाहेर मांडवात गोष्ट पसरली आणि आणखी दोघा-तिघांनी आत येऊन पावलांनी खोली मोजायला सुरुवात केली. पेढे तसेच राहिले.

बिल्डरने दुसऱ्याच आठवड्यात मला काढलं. वाटलं, अक्कल आली. कसली! माझ्या जागी तेवढाच दुसरा पलंग आला, आणि त्याच्याभोवती दोरी बांधली. मला मात्र सहा-सात महिने गोदामात टाकून मग 'विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी सप्रेम भेट' म्हणून तुमच्या शाळेला दिलं. फोटो काढला, माझ्यापेक्षा लांब फलक लावला. कोणाच्याही उपयोगाची नसलेली वस्तू द्यायची आणि वर हार घालून घ्यायचे! पण त्यांचा हिशेब चुकला. तुम्ही माझ्यावर बरोबर मावता.

मला टेम्पोतून घेऊन आलेला साइटवरचा वॉचमन रोहिदास समाधानच्याच गल्लीत राहणारा. तो तुमच्या साधनाबाईंना सांगत होता, समाधानला भोसरीतच घर मिळालं. इमारत जुनी, पण तळमजला, आणि आधी नकाशा बघून, टेप लावून घेतलेलं. पाच महिने घरं बघत होते म्हणे. रोहिदास हसून म्हणाला, "बाई, ती म्हातारी जाईल त्या घरात आधी फरशीवरच आडवी व्हायची. तिला वॉकर घेऊन उठता आलं, दारापर्यंत जाता आलं, तरच पुढचं बोलणं."

म्हणून मित्रांनो, तुमचे आईबाबा घर बघायला निघतील तेव्हा तुम्हीही हट्ट करून जा. आजीला घेऊन जा. मोठ्या माणसांना आरसे, दिवे आणि मुहूर्त यांची भूल पडते. तुम्ही सरळ जाऊन पलंगावर झोपा. कोणी धावत आलं आणि म्हणालं की इथे झोपायचं नसतं, तर उठू नका. तसेच पडून राहा आणि तुमच्या बाबांना मोठ्याने हाक मारा.